तोफेच्या तोंडाला बूच

त्या मुलखात मोठ्याने बोलण्याची मुभा एकट्या तोफेला होती. बाकी सगळ्यांनी, मग ते शिंगांचे असोत की पंखांचे, कुजबुजत जगावे असा राजा तरसाचा दंडक होता. तोफ टेकडीवरच्या बुरुजावर असे आणि रोज ऐन दुपारी एकदा धडाडे. गोळा पलीकडच्या ओसाड माळावर पडे. राजा अजून गादीवर आहे, एवढे त्यावरून सर्वांना कळे.

तोफ सांभाळण्याचे काम भिवरा नावाच्या साळिंदरीकडे होते. ती दारू चाळून घेई, भुकटी बाजूला काढी आणि ज्वारीच्या दाण्याएवढे खडे तेवढे नळीत भरी. भुकटी एकदम भडकते आणि एक दणका देऊन संपते. खडा बाहेरून आत जळत जातो आणि गोळ्याला टोकापर्यंत रेटत नेतो. बाहेर पडलेला गोळा सगळेच बघत. नळीच्या आत तो आधी जड पावलांनी निघतो आणि मग वेग धरतो, हे एकट्या भिवराने ओळखले होते.

खालच्या दरीतल्या प्रजेने एक युक्ती काढली होती. सावली पायाखाली आली, की तोफेच्या धडाक्याखाली सगळे एकदम ओरडून घेत. कुणी पळवून नेलेल्या पिलाचे नाव घेई, कुणी बंद झालेल्या पाणवठ्याचे, कुणी नुसताच घसा मोकळा करी. धडाका विरायच्या आत तोंडे मिटत. भिवराला हे ठाऊक होते. दारू भरताना ती मूठभर जास्त घाली, म्हणजे आवाज जरा लांबे.

कारभारी उदमांजराला एकदा याचा सुगावा लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जरा आधी राजा बुरुजावर आला.

"तोफ रोज सुटलीच पाहिजे," तो भिवराला म्हणाला. "नाहीतर राज्य बुडाले अशी आवई उठेल. पण आवाज नको. तोंडाला बूच मार आणि मग बत्ती दे."

कारभाऱ्याने सागाचे बूच करूनच आणले होते. शिपायांनी ते घणाने भरलेल्या तोफेच्या तोंडात ठोकले.

भिवरा शांतपणे म्हणाली, "महाराज, दारू पेटली की तिचा धूर होतो, आणि धुराला जागा लागते. मूठभर दारूच्या धुराला घरभर जागा. ती नळीत नसते, म्हणून तो मागे रेटतो, बाजूंना रेटतो, पुढे रेटतो. मागे नि बाजूंना जाड धातू आहे. पुढे गोळा आहे, तो सरकतो. तो सरकेल तशी धुराला वाट मिळते. तोफ टिकते ती त्या सरकण्यावर."

"मग धातू आणखी जाड करू," कारभारी म्हणाला. "लोखंडी कडी घालू."

"घाला. मग ती उशिरा फुटेल आणि तिचे तुकडे लांबवर जातील."

राजा हसला. "धुरासारखी मऊ गोष्ट माझे राज्य फोडणार? बत्ती दे, भिवरे."

भिवराने बत्ती घेतली. शेजारी पाण्याची घागर होती. सगळ्यांच्या देखत तिने जळती बत्ती घागरीत बुडवली आणि मग घागर उचलून तोफेच्या कानात, बत्ती लावायच्या भोकात, ओतली. आतली दारू भिजली.

"मी अकरा वर्षे हिला बोलती ठेवली," ती म्हणाली. "हिचा गळा दाबायला माझा हात मिळणार नाही."

"हिचे काटे उपटा," राजा म्हणाला.

"उपटा. ते परत येतात."

शिपाई एकेक काटा उपटू लागले. भिवराने दात आवळले, पण मान खाली घातली नाही. पाठ निम्मी उघडी पडली तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता.

दरीतल्यांनी सावली पायाखाली आलेली पाहिली आणि नेहमीप्रमाणे तोंडे उघडली. तोफ सुटली नाही. आरोळी मात्र सुटून गेली होती. पहिल्यांदाच त्यांना आपला आवाज ऐकू आला आणि ते दचकले. एका भेकराने घाईघाईने तोंड मिटले. शेजारची सशी ओरडतच होती. भेकराने तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा तोंड उघडले. आज धडाका विरायचा नव्हता, म्हणून कुणी थांबलेही नाही; ओरडतच सगळे टेकडीकडे निघाले.

टेकडीवर यायला एकच वाट होती, दोन उभ्या कड्यांमधली लांबच लांब खिंड, आणि तिच्या वरच्या टोकाला दरवाजा. शिपायांच्या हातातले काटे गळून पडले. राजा धावत खाली गेला. त्याने दरवाजा लावून घेतला, अडसर सरकवला, मागे ओंडके रचले.

भिवरा बुरुजाच्या कडेला आली. खिंडीच्या खालच्या तोंडातून प्रजा आत शिरत होती आणि मागून आणखी येतच होती, त्यामुळे परतायला वाव नव्हता. कडे दोन्ही बाजूंनी घट्ट उभे होते. पुढचे आधी जड पावलांनी निघाले. मग पावले उचलू लागली. मग ती मोजता येईनात.

आतून राजाने स्वतःची पाठ दरवाजामागच्या ओंडक्यांना लावली होती.

भिवरा दरवाजाच्या रोखातून दोन पावले बाजूला सरली, दणक्याने कान फुटू नयेत म्हणून गोलंदाज ठेवतात तसे तिने तोंड उघडे ठेवले, आणि दोन्ही पंजे कानांवर घेतले.