हुक थोर की रेटा?

कृष्णाकाठच्या एका गावात बास्केटबॉलचे एकच मैदान होते आणि त्याला दोन राजे होते. दोघेही आपापल्या काळातले नामांकित सेंटर, म्हणजे बास्केटजवळ उभे राहून गुण मिळवणारे उंच खेळाडू. सत्तरीचे अण्णा आडवे वळून, डोक्यावरून हात फिरवून चेंडू टाकत. तो त्यांचा हुक. पन्नाशीचे नाना समोरच्याला पाठीने रेटत, गर्रकन वळत आणि बास्केटखाली शिरत. थोर कोण, यावर त्यांचे रोज भांडण.

"तुझा तो खेळ नव्हे, बैलांची झुंज," अण्णा म्हणत.

"आणि तुमचा हुक म्हणजे लांबून देवाला फूल वाहणं. पडलं तर पडलं!" नाना म्हणत.

गावातल्या शलाका नावाच्या उंच मुलीवर दोघांचाही जीव. त्यांनी तिचे दिवस वाटून घेतले: आज हुक, उद्या रेटा. चार वर्षांत तिने दोन्ही घोटले.

जिल्ह्याचा अंतिम सामना आला. राज्याच्या संघात सेंटरची एकच जागा उरली होती आणि ती आज ठरणार होती. शलाकाच्या हाती चेंडू आला की अण्णा ओरडत, "हुक!" नाना ओरडत, "रेट!" ती दोघांकडे पाही, तेवढ्यात समोरची मुलगी चेंडू काढून नेई. मध्यंतरापर्यंत शलाकाचे गुण होते दोन.

ती तरातरा दोघांपुढे येऊन उभी राहिली.

"अण्णा, हुक सुचला कसा तुम्हाला?"

"माझ्यासमोर तालमीतला एक गडी असायचा. रेटायला गेलो की मीच आडवा. मग म्हटलं, वरून टाकू."

"आणि नाना, तुम्ही?"

"माझ्यासमोर सगळे ताडमाड. वरून टाकला की हात घालायचे. म्हणून खालून शिरलो."

"मग हे चार वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं ना! बरं, माझ्यासमोरची कशी आहे?"

दोघांनी त्या मुलीकडे पाहिलेच नव्हते.

"माहीत नाही गं पोरी," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द गावाने कधी ऐकले नव्हते.

"मग मीच बघते."

तिने पाहिले. ती मुलगी ना जाडजूड होती, ना ताडमाड. पण उतावळी होती. हात वर गेला की उडी मारायची. शलाकाने हुकासाठी हात उचलला. मुलगी उडाली. शलाका तिच्या बाजूने वळून आत शिरली आणि चेंडू बास्केटमध्ये ठेवून आली. पुन्हा तसेच. पुन्हा तसेच. या वेळी बाहेरून कोणी ओरडले नाही. सामना एका गुणाने जिंकला आणि राज्याच्या संघात शलाकाचे नाव लागले.

परतताना नाना हळूच म्हणाले, "अण्णा, त्या तालमीतल्या गड्यापुढे माझा रेटा चालला नसता हो."

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुझ्या त्या ताडांनी माझा एकही हुक पोचू दिला नसता, नाना."

तात्पर्य: थोरांचा डाव जरूर शिकावा, पण तो त्यांनी कोणासमोर शोधला हे विचारायला भिऊ नये. आणि थोरांनी ते न विचारताच सांगावे.