सुदंताचा पांढरा बावटा

एका राज्यात लोक सकाळी उठून आधी समुद्राकडे बघत आणि मग देवाकडे. तिथे सुदंत नावाचा वारेपारखी होता. बुरुजावर उभा राहून तो वारा हुंगी, लाटा मोजी आणि बावटा चढवी. पांढरा म्हणजे होड्या सोडा, लाल म्हणजे वर ओढून घ्या. धाकटा पारखी वेणुक. त्याने आपला अंदाज सुदंताच्या कानात सांगायचा, लोकांना सांगायचे ते फक्त सुदंताने, अशी रीत होती.

पण वेणुकाचा अंदाज कधी चुकत नाही हे गावभर झाले, आणि हळूहळू कोळणी बुरुजाखालून ओरडू लागल्या, "सुदंतकाका, बावटा तुमचा, पण वेणुक काय म्हणतो ते सांगा की!" आणि हसत हसत निघून जात. सुदंताच्या पोटात निखारा पडे.

वादळांच्या महिन्यात एका सकाळी वेणुक कानाशी म्हणाला, "काका, वारा पडलाय, तरी लाटा लांब लांब येताहेत. दक्षिणेला मोठं वादळ फिरतंय. लाल लावा."

सुदंतालाही तेच दिसले होते. पण आता लाल लावला, तर संध्याकाळी नाव वेणुकाचे होणार. त्याने पांढरा चढवला.

चाळीस होड्या गेल्या. त्यांना परत फिरवायला वेणुक एकटाच होडके घेऊन मागोमाग गेला. दुपारी वादळ आले, आणि किनाऱ्यापासून कोसभरावर थांबले. सात दिवस ते जागचे हलले नाही. काळ्या ढगांची भिंत नुसती गरगरत राहिली.

आठव्या दिवशी त्या भिंतीतून एक कुरव पक्षी उडत आला आणि बुरुजावर बसला.

"वादळाच्या डोळ्यात पाणी संथ आहे," तो म्हणाला. "माणसं जिवंत आहेत, पण गोडं पाणी आजच्यापुरतंच. खोट्या बावट्याने वादळ बांधलं गेलंय. तीन गोष्टी दे, ते सुटेल."

"माग."

"राजाने दिलेला सोन्याचा शंख."

सुदंताने शंख समुद्रात टाकला. पाऊस थांबला.

"तुझी गाठींची दोरी."

तीस वर्षे प्रत्येक वादळामागे त्याने त्या दोरीला एक गाठ मारली होती. ती क्षणभर छातीशी धरून त्याने समुद्रात सोडून दिली. लाटा बसल्या. पण वादळ होते तिथेच होते.

"तिसरी?"

"खरं सांग. मोठ्याने. सगळ्यांसमोर."

खाली किनाऱ्यावर बायका आपल्या माणसांबरोबर वेणुकाचेही नाव घेऊन रडत होत्या. आपल्यासाठी असे कोण रडेल, असे सुदंताच्या मनात आले, आणि त्या रडण्याचाही त्याला हेवा वाटला. तोंड उघडेना.

"पाणी संपलं," कुरव म्हणाला.

सुदंताने पागोटे उतरवले. "ऐका हो! वेणुकाने लाल सांगितला होता. मलाही लालच दिसला होता. त्याचं नाव होऊ नये म्हणून मी पांढरा लावला!"

कुणीतरी शिंपला फेकून मारला. तो कपाळाला लागला. सुदंत हलला नाही. वादळ हलले.

सूर्य मावळण्याआधी चाळीस होड्या आणि एक होडके वाळूला लागले. राजाने रीत बदलली. दोघांनीही आपापला अंदाज बुरुजावरून ओरडून सांगायचा.

दुसऱ्या सकाळी वेणुक ओरडला, "पांढरा!" निखारा अजून पुरता विझला नव्हता. सुदंत मान खाली घालून उभा राहिला.

"आणि काका, तुम्ही काय म्हणता?" खालून एका कोळणीने विचारले. तिचा नवरा कालच्या होड्यांत होता.

सुदंताने बराच वेळ वारा हुंगला. "मीही पांढराच म्हणतो," तो म्हणाला, आणि बावट्याच्या दोरीचे एक टोक त्याने वेणुकाच्या हातात दिले.

त्या राज्यात बावटा अजूनही चार हातांनी चढतो.