वेशीवरून माघारी गेलेल्या गाड्या

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, तुंगी नावाच्या एका पोरीनं एक पैज घेतली. शहाण्या माणसानं घेऊ नये अशी.

पैज लावली तिच्या मैत्रिणीनं, गोदीनं. "परमुलखातून तेलाच्या बैलगाड्या येतात ना, त्या वेशीवरून माघारी धाडून दाखव. नाही जमलं तर वर्षभर माझी धुणी धू."

"हात्तिच्या," तुंगी म्हणाली. "मी कशाला, राजाच धाडेल की."

आता या राज्याचा तोरा सांगायलाच हवा. इथं जमिनीतून तेल निघायचं. पोहरा सोडला की काळंभोर तेल वर. दुसरीकडं विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात, इथं पाणी लागलं की लोक तोंड पाडायचे. माणसं चालायचीसुद्धा छाती काढून.

तरी दर बाजाराला पलीकडून तेल यायचं, पाण्यासारखं पातळ. दोन्ही तेलं मिसळून मोठ्या भट्टीत जायची, तेव्हा कुठं घराघरातल्या दिव्यांचं तेल तयार व्हायचं. पाहुणे खवचटपणे विचारायचे, "दारात गाय, आणि दूध शेजारून?" राजाला ते फार झोंबायचं. तुंगीला हे पक्कं ठाऊक होतं.

राज्यातली सगळ्यात पहिली तेलाची विहीर आता कोरडी होती. राजा रोज सकाळी तिला नमस्कार करायचा. एका सकाळी तुंगी आधीच आत उतरून बसली. राजानं हात जोडले तसा आतून आवाज घुमला, "राजा, मी भूमाता बोलतेय. माझ्या पोटात एवढं तेल असताना परकं तेल आणतोस? मला लाज वाटते."

राजा गहिवरला. दुपारपर्यंत गाड्या माघारी.

गोदीनं कपाळावर हात मारला. तुंगी गावभर मिरवली.

भट्टी सांभाळायची सगुणाबाई. बाई कामाला चोख, तोंडानं फटकळ. ती राजाला म्हणाली, "महाराज, आपल्या तेलाचा मलाही अभिमान आहे. आपल्या तेलातून निघणाऱ्या डांबराशिवाय पलीकडच्यांची एक होडी पाण्यात उतरत नाही. पण आपलं तेल काकवीसारखं जाड आहे, आणि ही भट्टी बांधलीय मिसळीच्या तेलासाठी. नुसतं जाड ओतलं तर नळ्या तुंबतील."

"भूमातेपेक्षा तुला जास्त कळतं?"

"भूमातेनं कधी भट्टी घासलीय का?" सगुणाबाई पुटपुटली. नेमकं ते राजानं ऐकलं.

नुसतं जाड तेल ओतलं गेलं. नळ्या तुंबल्या. एकेका घरातला दिवा विझत गेला, अगदी बाळंतिणीच्या खोलीतलासुद्धा.

राजा भडकला. "भूमाता खोटं बोलत नाही. तूच परक्यांना फितूर आहेस, तूच भट्टी बिघडवलीस. चालती हो माझ्या राज्यातून."

सगुणाबाईनं गाठोडं बांधलं. वेशीवर अख्खं गाव जमलं, राजाही आला. कुणी दगड उचलला, कुणी शिव्या दिल्या. तिनं मान खाली घातली नाही. जाताना तेवढं म्हणाली, "नळ्या कोमट असतानाच खरवडा. थंड झाल्यावर ठोकाल तर फुटतील."

गर्दीतली तुंगी पुढं सरकली. जिच्यावर गाव थुंकत होतं, तिला गावाच्याच भट्टीची काळजी.

गोदीनं तिचा हात धरला. "गप ऱ्हा. फटके खाशील."

तुंगीनं हात सोडवला आणि ती राजासमोर उभी राहिली.

"महाराज, विहिरीत भूमाता नव्हती. मी होते. पैजेपायी बोलले. बाईंचा काही दोष नाही, त्यांनी सांगितलेलं सगळं खरं आहे. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

राजाचा चेहरा आधी रागानं लाल झाला, मग लाजेनं. तो स्वतः पुढं गेला आणि त्यानं सगुणाबाईच्या हातातलं गाठोडं घेतलं. तुंगीला शिक्षा झाली ती नळ्या खरवडायची, सगुणाबाईच्या शिव्या खात. पुढच्या बाजाराला पातळ तेलाच्या गाड्या आल्या आणि जाताना इथलं जाड तेल भरून गेल्या. दिवे पुन्हा लागले, आणि लोक पुन्हा छाती काढून चालू लागले.

बोध: आपल्याकडं आहे त्याचा अभिमान जरूर धरावा, पण एकट्यानं भागत नाही हे कबूल करायला लाजू नये.