दिवाळीत पडलेला बर्फ

एकदा एक मराठी तरुण हिमालयातल्या एका वृद्ध उस्तादांकडे बर्फावरून उतरण्याची विद्या शिकायला राहिला. ही गोष्ट आता जुनी झाली. त्या काळी हवामानाचा अंदाज टपाल कचेरीत फोनवरून येई आणि पोस्टमास्तर तो बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवी. ते उस्ताद आज नाहीत, तो फळाही नाही. त्या तरुणाचे, म्हणजे श्रीरंगचे, केस आता पिकले आहेत. गोष्ट त्यानेच मला सांगितली.

त्याचा तो चौथा हिवाळा होता. दिवाळीच्या दिवसांत मोसमातला पहिला बर्फ भुरभुरला. त्याच दिवशी उस्ताद त्याला म्हणाले, "यंदापासून पाहुण्यांना उतारावर तू घेऊन जायचं." हा पठ्ठ्या अंगणात असा नाचला, की उस्तादांची सून हातातली कणीक तशीच ठेवून बघायला बाहेर आली. त्या दिवसाची आठवण श्रीरंगने फार मायेने जपली होती. असा एखादा दिवस आपल्या प्रत्येकाकडे असतो, आणि तो असावाच.

माघात सांगलीहून रेगेबाई आल्या, भाचीला सोबत घेऊन. वय बासष्ट. तरुणपणी त्या आणि त्यांचे यजमान दर दोन-तीन वर्षांनी इथे येत. यजमान आता नव्हते, आणि डॉक्टरांनी बाईंच्या गुडघ्यांना एवढाच एक हिवाळा दिला होता. देवदारांच्या वरच्या मोठ्या उतारावरून एकदा, शेवटचं, उतरायचं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. बाईंचा मुक्काम संपत आला, त्या संध्याकाळी फळ्यावर अंदाज लागला. रात्री दीड वीत ताजा बर्फ, पहाटे वारा शांत, सकाळी आकाश निरभ्र. श्रीरंग धावतच बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बाई, उद्या सकाळी उतरायचं. शब्द दिला."

सकाळ अगदी फळ्यावरून उतरवून घ्यावी तशी उजाडली. बाई स्की बांधून तयार. उस्ताद मात्र फावडे घेऊन निघाले आणि मोठ्या उताराच्या कडेला, सुरक्षित जागा पाहून, छातीएवढा खड्डा खणू लागले. श्रीरंगला हे कोडे काही उलगडेना.

"उस्ताद, ऊन चढेल," तो चिडून म्हणाला. "अंदाज शब्दन्‌शब्द खरा ठरलाय. आता काय शोधताय?"

"हातमोजा काढ," उस्ताद म्हणाले. (त्यांची हिंदी पहाडी वळणाची होती. मी ती माझ्या मराठीत सांगतो आहे.) "खड्ड्याच्या भिंतीवर वरून खाली बोट फिरव, आणि काय लागतं ते सांग."

श्रीरंगने बोट फिरवले. वर मऊ, म्हणजे कालचा. त्याखाली घट्ट, संक्रांतीनंतरच्या वादळाचा, तीन दिवस सगळे चुलीपाशी पत्ते कुटत बसले होते तेव्हाचा. मग पातळ कडक पापुद्रा, पौषातल्या त्या उन्हाचा, घोंगड्या छपरावर वाळत घातल्या होत्या तेव्हाचा. सबंध हिवाळा बोटाखालून मागे मागे जात होता आणि श्रीरंगला हसू येत होते. अगदी तळाशी बोट एकदम आत गेले. तिथे जाड साखरेसारखे सुटे दाणे होते, आणि ते भुरुभुरु ओघळू लागले.

"हे काय?"

"दिवाळीतला बर्फ. तू नाचला होतास ना, तोच."

श्रीरंगचा विश्वास बसेना. उस्तादांनी बर्फाचा एक चौकोनी खांब कापून मोकळा केला, त्याच्या माथ्यावर फावडे आडवे ठेवले आणि तळहाताने हलक्या थापट्या मारल्या. सहाव्या थापटीला वरचा सगळा भाग अखंड सरकून त्यांच्या गुडघ्यांवर आला.

"दिवाळीनंतर तीन आठवडे आभाळ कोरडं होतं आणि थंडी कडक," ते म्हणाले. "तेवढ्यात त्याची पकड गेली. पुढचं सगळं त्यावर पडत राहिलं. आता वर माणसाचं वजन पडलं, तर सगळा उतार या खांबासारखा सरकून खाली येऊ शकतो. फळ्यानं खोटं सांगितलं नाही, बेटा. काय पडणार ते फळा सांगतो. कशावर पडणार, ते गुडघे टेकून आपण पाहायचं. हा बर्फ तुझ्या आनंदाचा होता, म्हणून तुला त्याची शंकाच आली नाही. आता बाईंना काय सांगायचं ते तू ठरव. पाहुणे तुझे आहेत."

श्रीरंग खाली आला आणि त्याने नाही म्हणून सांगितले.

"अरे, नऊ वेळा उतरलेय मी इथून," बाई म्हणाल्या. "आमचे हे पुढे, मी मागे. हा उतार मला ओळखतो."

"उतार तोच आहे, बाई. पण तुम्ही ज्या बर्फावरून उतरलात, तो त्या-त्या उन्हाळ्यात वितळून नदीला मिळाला. यंदाचा निराळा आहे. तो आपल्याला धरून ठेवणार नाही."

"शब्द दिला होतास."

"हो. तो मोडतोय."

बाईंचे डोळे भरून आले. देवदारांतल्या सौम्य उतारावरून त्या सुरेख उतरल्या, पण मध्येच एकदा थांबून त्यांनी वर पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या, तेव्हा श्रीरंगशी बोलल्या नाहीत.

आणि तो मोठा उतार काही कोसळला नाही! चार दिवसांनी परगावची एक टोळी खुशाल त्यावरून उतरली, फोटो काढून घेऊन गेली. श्रीरंगची अन्नावरची वासना उडाली. अखेर तो उस्तादांकडे गेला.

"तो पडलाच नाही, उस्ताद. बाई आता कधी येणार नाहीत. मी त्यांचा शेवटचा हिवाळा फुकट घालवला."

"पडायला हवा होता?"

श्रीरंगने चुलीत एक लाकूड सरकवले.

"पडला असता तर तू खरा ठरला असतास, आणि ती पोरं खाली गाडली गेली असती. आपल्या कामात खरं ठरायची हौस धरू नये. बाई घरी पोचल्या?"

"पोचल्या. भाचीचं पत्र आलंय. अजून रागावल्यात माझ्यावर."

"रागवायला आहेत ना?" उस्ताद म्हणाले, आणि चहा ओतू लागले.

श्रीरंग दारात उभा राहून त्या उताराकडे पाहत राहिला. तो असाच राहावा, कधीही खाली येऊ नये, असे त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटले.