राणीपद सोडलेली ओर्तेन्सिया

एका राज्यात, समुद्रापलीकडच्या मुलखात, माणसाआधी त्याची पायरी पाहत. सर्वांत वर राजा-राणी, त्यांच्याखाली ड्यूक, मग मार्क्विस, मग काउंट, आणि शेवटी बॅरन. दारातून जायचं तर वरच्यानं आधी, खालच्यानं मागून. घराला आग लागली तरी हे लोक रांगेनंच बाहेर पडतील, अशी त्यांची तऱ्हा!

तिथे लान्फ्रांको नावाचा राजा होता. एकदा माल्वेझिओ जादूगार दरबारात आला आणि ड्यूकची पदवी मागू लागला. राजा म्हणाला, पदवी पराक्रमाला मिळते, धमकीला नाही. जादूगाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं शाप दिला, आणि राजाची पावलं संगमरवराची झाली. दगड हळूहळू वर चढू लागला. तो ओठांपर्यंत पोचला की राजा संपला.

राणी ओर्तेन्सियाचा नवऱ्यावर फार जीव. तिनं डोळे पुसले आणि बागेतल्या साळुंकीला उपाय विचारला. त्या राज्यातल्या साळुंक्या बोलत, आणि खोटं बोलत नसत. काळ्या डोंगरात एक झरा आहे, असं तिनं सांगितलं. त्याचं पाणी शिंपडलं की दगडाचा माणूस होतो. झऱ्याकडे जायला तीन दारं, कुठल्याही एकातून गेलं तरी पुरे.

“तुमच्यात जो पायरीनं सर्वांत खालचा, त्यानं आधी शिरावं,” साळुंकी म्हणाली. “दुसरा शिरला तर तो दगड होईल आणि ते दार मिटेल.”

मार्क्विसला सरहद्द सोडता येईना. तेव्हा राणी ड्यूक ग्वाल्तिएरो, काउंट रुज्जेरो आणि म्हातारा बॅरन निकोलीनो यांना घेऊन निघाली.

पहिल्या दाराशी तिनं बॅरनला पुढे व्हायला सांगितलं. ड्यूकला ते सोसवेना. बॅरनच्या मागून मी? असं म्हणत तो तरातरा शिरला, आणि उंबऱ्यावरच मिशांसकट दगड झाला; दार मिटलं. यावरून काउंटनं काय शिकावं? तर ड्यूक गेला, आता पुढचा मान आपला! दुसऱ्या दारात तोही दगड.

उरलं एक दार आणि उरला बॅरन. आता तरी घोडं गंगेत न्हाईल, असं तुम्हाला वाटेल. छे! बॅरननं गुडघा टेकला.

“महाराणी, जीव मागा, देतो. पण आपल्याला पाठ दाखवून पुढे जाणार नाही. माझ्या बापजाद्यांनी केलं नाही ते मी करणार नाही.”

राणीनं हुकूम केला, समजावलं, शेवटी हात जोडले. म्हातारा ढिम्म हलेना. इतक्यात साळुंकी उडत आली: दगड राजाच्या छातीपर्यंत चढला होता.

त्या राज्यात पदवी सोडता येई, पण एकदा सोडलेली पदवी राजालाही परत देता येत नसे. ओर्तेन्सियाला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं मुकुट उतरवून बॅरनच्या हातात ठेवला.

“बॅरन, आपण साक्षी. या क्षणापासून मी राणी नाही. आपल्याही खालची आहे.”

आणि ती आत धावली. दार उघडंच राहिलं. तिनं कुपी भरली, येताना ड्यूक-काउंटवर पाणी शिंपडलं, तसे दोघे शिंकत जागे झाले. राजवाड्यात दगड राजाच्या हनुवटीला लागला होता. पाणी पडताच तो कांद्याच्या सालीसारखा गळून पडला, राजानं श्वास घेतला, आणि माल्वेझिओची सारी विद्या तिथल्या तिथे आटली. नगरात घंटा घणघणल्या, लोक नाचले, गायले.

मग मेजवानी झाली. लांबच लांब मेज, वरच्या टोकाला राजा, शेजारची खुर्ची रिकामी. ओर्तेन्सिया मुकुटाशिवाय खालच्या टोकाला, बॅरनच्याही पलीकडे बसली होती. बॅरन मान खाली घालून रडत होता. ड्यूक हळूच म्हणाला, महाराज, राणीपद परत देता येत नाही.

“मागतंय कोण?” राजा म्हणाला. तो उठला, पूर्ण दालन चालून गेला आणि तिच्या शेजारी बसला.

“राजा बसतो ते मेजाचं वरचं टोक. हाही कायदाच आहे, ड्यूक.”

ड्यूकनं निमूट आपली खुर्ची उचलली, त्याच्यामागे काउंटनं, आणि अख्खा दरबार खुर्च्या घेऊन इकडचा तिकडे झाला. राजानं आपल्या ताटातला पहिला घास ओर्तेन्सियाला दिला. तेव्हापासून त्या राज्यात राजाशेजारी बसणारीला कुठलीच पदवी नव्हती, आणि तिच्याआधी दारातून कोणी जात नसे.