पडवळाचा दगड

“पण मास्तर, ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लागत नाही, हे खरं की नाही?”

“खरं,” नाबर मास्तर म्हणाले आणि वेलाच्या मांडवाखाली पुन्हा पडवळं न्याहाळू लागले.

उमाकांत गोंधळला. चूक निघाली असती, तर निस्तरता तरी आली असती.

इंग्रजी तो मास्तरांकडेच शिकला होता. आता गावात इंग्रजी बोलण्याचे वर्ग चालवायचा आणि आपल्या वर्गात चुकीचं इंग्रजी खपत नाही, हे जो भेटेल त्याला ऐकवायचा. त्या वर्गात अंगणवाडीच्या परबबाई यायच्या. कित्येक महिने त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एकदाच्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वी डिस्कस्ड अबाउट वॉटर.”

उमाकांतने त्यांना तिथेच अडवलं. ‘अबाउट’ काढायला लावलं आणि सगळ्यांसमोर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. बाई अखेर बरोबर बोलल्या, खाली बसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. तो घरी गेला, तर दाराआडूनच उत्तर आलं, आम्हाला नाही जमायचं ते. आता वर्गात कुणीच तोंड उघडत नव्हतं. उमाकांतला अन्न गोड लागेना.

“मी बरोबर होतो, मग बाई गेल्या का?”



मास्तरांनी सुतळी बांधलेला एक दगड त्याच्या हाती दिला. पडवळ सरळ वाढावं म्हणून खाली दगड बांधतात, हे उमाकांत लहानपणापासून बघत आला होता.

“कुठल्या पडवळाला बांधू?”

“तुला वाकडं दिसेल त्याला.”

उमाकांतला एक दिसलंच. करंगळीएवढं होतं, टोकाचं फूलही अजून गळलं नव्हतं, पण वाकडं ते वाकडंच. त्याने जपून गाठ मारली आणि हात सोडला.

पडवळ देठातून तुटून दगडासकट खाली पडलं.

तो ओशाळला. बाजूची हातभर लांब पडवळं तसलेच दगड घेऊन सुखाने लोंबत होती.

“गाठ चुकली का, मास्तर?”

“नाही.”

“मग दगड...?”

मास्तरांनी वाकून दगड उचलला, पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

“दगड बरोबरच होता.”