कड्यावरची भिरभिरी

त्या राज्यात वारा फुकट होता आणि पाणी महाग. तळं दरीत, वस्ती वर पठारावर, आणि पाणी वर चढवायला एक रहाट. रहाटाला पोवळ्या नावाचा बैल जुंपलेला असे. बारा वर्षं तो गोल गोल फिरत होता. त्याची इच्छा एवढीच, की खांदे शाबूत आहेत तोवर मनसोक्त सरळ चालावं, वळण न घेता.

एका सुगरण पक्षिणीला त्याची दया आली. तिने गवत विणून भलंमोठं भिरभिरं केलं, वारा थेट तोंडावर येतो अशा कड्यावर उभारलं आणि त्याचा दोर रहाटाला बांधला. रहाट आपला आपण फिरू लागला! वारा पडला की तासभर पोवळ्या जू घेई. उरलेला दिवस त्याचा. पहिल्याच दिवशी तो नाकासमोर चालत निघाला आणि संध्याकाळी परतला तो हसतच.

"अगं सुगरणबाई, पलीकडे बोरीचं बन आहे. बारा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही!"

कारभारी अस्वलाला हे सगळं फार आवडलं. आवडलेल्या गोष्टीचा हुकूम काढायची त्याला खोड होती. जो भिरभिरं उभारील, त्याला तळ्यातला गाळ उपसणं वर्षभर माफ, असा हुकूम निघाला. ते फिरलंही पाहिजे, हे लिहायचं तेवढं राहून गेलं.

गाळ कुणाला आवडतो? सगळं राज्य एकदम वाऱ्याचं भक्त झालं. तरसाने तयार भिरभिऱ्यांचं दुकान थाटलं आणि शेपटीला तेल लावून हिंडू लागला. सशाने भिरभिरं बिळाच्या तोंडाशी रोवलं. घुबडाने तर ढोलीत बसवलं.

"ढोलीत वारा कुठून येणार?" सुगरणीने विचारलं.

"वाऱ्याचं वारा बघेल. गाळ चुकला ना!" घुबड म्हणालं आणि डोळे मिटून पडलं.

हत्तींनी सर्वांत मोठं भिरभिरं घेतलं. मोठ्यांनी नेहमी पुढे उभं राहायचं, अशी त्या राज्याची रीत. म्हणून ते सुगरणीच्या भिरभिऱ्याच्या अगदी पुढ्यात उभं राहिलं. ते इतकं जड होतं की स्वतः हलेना, आणि मागच्याला वारा लागू देईना.

"दादा, थोडं बाजूला सरकवा हो," सुगरण काकुळतीला आली.

"बाई, आम्ही मागे उभे राहिलेले तुम्ही कधी पाहिलेत का?" हत्ती म्हणाले. त्यांचा आवाज अगदी प्रेमळ होता.

रहाट थांबला. पोवळ्या पुन्हा जुवाखाली आला. सुगरण ढसाढसा रडली. इकडे तळं गाळाने भरत चाललं, बादल्यांतून पाण्यापेक्षा चिखलच जास्त येऊ लागला, आणि कड्यावर मात्र ऐंशी भिरभिरी दिमाखात उभी.

त्यांची कीर्ती शेजारच्या राज्यात पोचली. तिथली सांबरं पाहणीला येणार, पटलं तर धान्याच्या राशी ओतणार, असा निरोप आला. अस्वलाला घाम फुटला. तरसाला मात्र नेहमीप्रमाणे युक्ती सुचली.

पाहुणे आले. त्यांना हत्तींच्या भिरभिऱ्यासमोर मऊ गवतावर बसवलं. अस्वलाने पंजा उंचावला आणि ते अवाढव्य भिरभिरं कुरकुरत फिरू लागलं. सांबरांच्या कानांवरचे केस भुरभुरले.

"काय वारा आहे हो तुमच्याकडे!" थोरलं सांबर म्हणालं. "आणि पूर्वी म्हणे एक बैल असायचा?"

"त्याला आम्ही सुट्टी दिली," अस्वल नम्रपणे म्हणालं.

पाहुण्यांनी जागच्या जागी चाळीस भिरभिरी सांगून टाकली.

कड्यामागे, करवंदीच्या जाळीआड, पोवळ्या गोल गोल फिरत होता. रहाटाचा दोर आता बादल्यांकडे उतरत नव्हता, वर हत्तींच्या भिरभिऱ्याकडे चढत होता. घामाने निथळलेल्या त्याच्या पाठीलाही तो वारा छान लागत होता.